पुडीतले जिवाणू जिवंत आहेत का?

जानेवारीच्या अखेरीस मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून चालताना ज्वारीचे एखादे ताट हाताने जरा बाजूला सारावे, तर ते बुडाशी मोडून सरळ आडवे होते. वरचे कणीस भरल्यासारखे दिसते, पण दाणा चिमटीत धरला की पोचट लागतो. मोडलेले ताट उभे चिरून पाहिले, तर जमिनीलगतच्या दोन-तीन पेरांतला गर नाहीसा झालेला असतो, उरलेले धागे सुतळी उसवावी तसे सुटे झालेले असतात आणि त्या धाग्यांवर कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके असतात. आमच्याकडे या रोगाला खडखड्या म्हणतात. वाळलेली पोकळ ताटे वाऱ्यात खडखडतात, त्यावरून हे नाव पडले असावे. दाण्याचे नुकसान होतेच, पण ज्याच्या दावणीला दोन जनावरे आहेत त्याला कडब्याचे नुकसान अधिक लागते, कारण लोळलेला, कुजक्या बुडाचा कडबा जनावर नीट खात नाही आणि बाजारात त्याला कुणी भाव देत नाही.

हा रोग मॅक्रोफोमिना फॅजिओलिना या जमिनीत राहणाऱ्या बुरशीमुळे होतो. ते काळे ठिपके म्हणजे बुरशीने पुढच्या हंगामासाठी घट्ट आवळून ठेवलेल्या आपल्याच तंतूंच्या गाठी असतात. त्या धसकटाबरोबर मातीत जातात आणि तिथे दीर्घकाळ टिकून राहतात. पाचशेहून अधिक वनस्पतींवर ही बुरशी जगू शकते, आणि त्यांत हरभरा, सोयाबीन, सूर्यफूल ही आपली नेहमीची पिके आहेत, त्यामुळे पीक बदलून तिला उपाशी मारण्याचा मार्गही अर्धाच उघडा आहे. ती मुळांतून शिरते, पण पिकाला ओल मिळते आहे तोवर फारशी डोके वर काढत नाही. फुलोऱ्यानंतर दाणा भरू लागतो, नेमकी तेव्हाच जमिनीतली ओल संपत आलेली असते, ताट आपल्यातला साठा कणसाकडे ओढून देते आणि अशक्त झालेल्या बुडाचा ताबा बुरशी घेते. रोग डोळ्यांना दिसतो तेव्हा फवारणीला अर्थ उरलेला नसतो, आणि कोरडवाहू ज्वारीच्या सबंध रानातली माती बुरशीनाशकाने भिजवणे कुणालाही परवडणारे नाही. मोहोळच्या केंद्रात निवडलेल्या मालदांडी ३५-१ पासून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेल्या फुले वसुधा, फुले रेवतीपर्यंत वाण बरेच आले, त्यांतले काही काटकही आहेत. परंतु खडखड्याला अजिबात दाद न देणारा वाण अजून हाती आलेला नाही. शेतकऱ्याजवळ उरते ती मशागत: पेरणी वेळेवर करावी, ताटे दाट होऊ देऊ नयेत, आणि तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करून भेगा बुजवाव्यात, म्हणजे ओल चार दिवस जास्त टिकते.

उपयुक्त जिवाणूंच्या साहाय्याने तृणधान्यांवरील बुरशीजन्य रोग आवरावेत, हा विचार मांडताना बहुधा भातावरच्या करप्याचे उदाहरण घेतले जाते. मला ते उदाहरण फार सोयीचे वाटत नाही. करप्यावर ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक चालते, आणि चालते म्हणूनच ते शेतकऱ्याच्या हातून सुटत नाही. युरोपीय संघाने २०१८ पासून तांदळातील त्याच्या अवशेषांची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, पुढे पंजाब सरकारने २०२२ मध्ये बासमतीसाठी त्याच्यासह दहा औषधांच्या वापरावर साठ दिवसांची बंदी घातली, तेव्हा निर्यातदार धावाधाव करू लागले. पण घरी खाण्यापुरता भात पिकवणाऱ्या कोकणातल्या किंवा भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला त्या मर्यादेशी काही देणेघेणे नव्हते. तिथे जिवाणूंना एका स्वस्त आणि सवयीच्या रसायनाशी झुंजावे लागते. खडखड्याच्या बाबतीत रसायन आखाड्यात उतरलेलेच नाही. म्हणून जिवाणूंच्या वापराला सरकारी पाठबळ द्यायचे असेल, तर त्याची सुरुवात रब्बी ज्वारीपासून व्हावी असे मला वाटते. मात्र तसे करण्यापूर्वी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जिवाणूंचा प्रश्न आता प्रयोगशाळेत तितकासा अडलेला नाही; तो दुकानाच्या फळीवर अडलेला आहे, आणि तिथे अडण्याचे कारण असे, की आपण जिवंत माल निर्जीव मालाच्या नियमांनी विकतो.

हे जिवाणू करतात काय, ते थोडक्यात सांगायला हवे. बी रुजते तेव्हा मूळ साखरेचे आणि आम्लांचे बारीक पाझर मातीत सोडते, आणि त्या पाझरावर जगायला जो पहिला पोहोचतो तो मुळावर घर करतो. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू तिथे पोहोचला की हिरवट-पिवळे चमकणारे एक द्रव्य सोडून मातीतले लोह स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे बुरशीला लोह मिळेनासे होते. त्याच्या काही जाती बुरशीला थेट मारणारी प्रतिजैविके तयार करतात. बॅसिलस सबटिलिसची प्रतिजैविके वेगळी आहेत. ती बुरशीच्या तंतूंचे आवरणच फाडतात. याखेरीज मुळावरच्या जिवाणूंची चाहूल लागून खुद्द झाडाची प्रतिकारशक्ती जागी होते, इतकी की जिवाणू मुळाशी आणि रोग पानावर असला तरी त्याचा उपयोग होतो. यांतले एकही काम मेलेला जिवाणू भरवशाने करू शकत नाही. आणि सगळी कामे ‘आधी कोण पोहोचले’ यावर अवलंबून आहेत, म्हणून जिवाणू बियाण्याबरोबर जमिनीत गेले पाहिजेत. दोन महिन्यांनी आठवण होऊन केलेली आळवणी, म्हणजे मुळाशी द्रावण ओतणे, उशिराचीच ठरते.

ज्वारीपुरते संशोधन नाही असेही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय ज्वार संशोधन केंद्रातील, म्हणजे आताच्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ज्वारीच्याच मुळांभोवतालच्या मातीतून स्यूडोमोनास वेगळे केले आणि ते खडखड्याला आवर घालू शकतात असे २००८ च्या सुमारास दाखवून दिले. पुढे पाटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत औषधी वनस्पतींच्या गांडूळखतातून निघालेले ॲक्टिनोमायसिटीस, जे दिसायला बुरशीसारखे पण मुळात जिवाणूच आहेत, याच रोगावर तपासले गेले. भाताच्या बाबतीत कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने १९९० च्या दशकातच स्यूडोमोनास शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून शेतकऱ्यापर्यंत नेला, आणि किलोभर बियाण्याला दहा ग्रॅम भुकटी हे प्रमाण तेव्हापासून रुळलेले आहे. थोडक्यात, पाया घातला जाऊन दोन-तीन दशके झाली.

मग रानात हे का दिसत नाही? दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी तालुक्याच्या गावी एका कृषी सेवा केंद्रात स्यूडोमोनासची पुडी मागितली. दुकानाला पत्र्याचे छप्पर होते. पोऱ्याने स्टूल घेऊन सर्वांत वरच्या फळीवरून, म्हणजे पत्र्यापासून हातभर अंतरावरून, पुडी काढली आणि फडक्याने पुसून माझ्या हातात दिली. ती हाताला चक्क कोमट लागली. मुदत संपायला दोन महिने होते. मी का-कू करतो आहे हे पाहून दुकानदार म्हणाले, “घ्या की अण्णा, जैविक हाय, काय अपाय व्हायचा न्हाई.” त्यांचे म्हणणे खरेच होते. मी गुळाच्या पाण्यात भुकटी कालवून बियाण्याला चोळली, बी सावलीत सुकवले, दोन एकर पेरले आणि जानेवारीत लावलेल्या व न लावलेल्या ताटांत मला काही फरक दिसला नाही. एका शेतकऱ्याला एका वर्षी आलेला अनुभव हा पुरावा होत नाही, हे मी जाणतो. पण माझा प्रयोग जिवाणूंचा होता की नुसत्या शंखजिऱ्याचा, हे मला आजही सांगता येत नाही, आणि ते सांगू शकेल असे तालुक्यात कुणी नव्हते, ही गोष्ट मला पुराव्याइतकीच महत्त्वाची वाटते.

स्यूडोमोनास बीजाणू, म्हणजे कठीण काळात तगून राहणारे कवचबंद रूप, करत नाही, त्यामुळे उष्णता आणि कोरडेपणा त्याला सोसत नाही. बॅसिलस बीजाणू करतो आणि पत्र्याखालीही तग धरतो, म्हणून विक्रेत्यांना तो सोयीचा; मात्र पुडीत टिकणे आणि मुळावर काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याला हा भेद पुरेसा उमगलेला नाही. रोग आवरणारे जिवाणू आपल्याकडे १९६८ च्या कीटकनाशके अधिनियमाखाली येतात, म्हणजे मूळ विषांसाठी केलेल्या कायद्याखाली. १९९९ मध्ये केंद्राने स्यूडोमोनास, बॅसिलस सबटिलिस, ट्रायकोडर्मा आदींच्या व्यापारी उत्पादनाची वाट मोकळी केली, नोंदणीसाठी निकष ठरवले, आणि ते निकष कागदावर वाईट नाहीत: अशा जिवाणूंच्या भुकटीत प्रति ग्रॅम किमान दहा कोटी जिवंत पेशी असल्या पाहिजेत. प्रश्न असा की त्या कुठे असल्या पाहिजेत? नोंदणीच्या वेळी दिलेल्या नमुन्यात की शेतकऱ्याने पुडी फोडली त्या क्षणी? रासायनिक औषध कारखान्यातून निघताना जेवढे असते जवळपास तेवढेच दुकानात असते, म्हणून तिथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. जिवंत मालाच्या बाबतीत तोच मूळ प्रश्न आहे. निरीक्षक दुकानातून नमुना घेतात, तो सीलबंद होऊन प्रयोगशाळेकडे जातो, वाटेत किती ऊन खातो याची नोंद कुठे होत नाही, आणि अहवाल येतो तेव्हा पेरणी उरकलेली असते.

यात आणखी एक चोरवाट आहे. पुडीवर ‘रोग नियंत्रण’ असा दावा केला की कीटकनाशकांचा कायदा लागतो. तोच जिवाणू ‘वाढीला पोषक’ म्हणून विकला की तो खतांच्या किंवा जैव-उत्तेजकांच्या, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणाऱ्या उत्पादनांच्या, खात्यात जातो. जैव-उत्तेजके तर २०२१ पर्यंत कोणत्याच खात्यात नव्हती. त्या वर्षी फेब्रुवारीत ती खत नियंत्रण आदेशाखाली आली. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनीच सांगितले, की देशात अशी तीस हजारांच्या आसपास उत्पादने वर्षानुवर्षे तपासणीविना विकली जात होती आणि कडक छाननीनंतर साडेसहाशेच्या आसपास उरली. या आकड्यांतून मला एवढेच दिसते, की ‘जैविक’ या शब्दावरचा शेतकऱ्याचा विश्वास कुणीतरी बराच काळ विकून खाल्ला आहे, आणि ज्या पुडीत खरोखर जिवाणू आहेत तिलाही आता त्याची किंमत मोजावी लागते.

स्वीडनने हे कोडे वेगळ्या रीतीने सोडवले. तिथे एका रानटी बेरीच्या झुडपाच्या मुळावर सापडलेला स्यूडोमोनास क्लोरोरॅफिस हा जिवाणू १९९७ पासून ‘सेडोमॉन’ या नावाने बार्ली आणि ओटच्या बियाण्याला लावला जाऊ लागला. बियाण्यातून येणाऱ्या बुरशींवर तो उपयोगी पडला. हाही जिवाणू बीजाणू न करणारा, थंड जागेत ठेवावा लागणारा आणि लवकर वापरून संपवावा लागणारा. पण तो मुख्यतः बियाणे प्रक्रिया केंद्रांत, यंत्रावर, जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली लावला गेला. नाजूक माल शेवटच्या टोकाच्या दुकानात नेऊन ठेवण्याऐवजी त्यांनी बियाणेच मालापाशी आणले. आपल्याकडे ही नक्कल जशीच्या तशी चालणार नाही, कारण मालदांडी पेरणारा माणूस बहुतेक वेळा घरच्या कणग्यातले किंवा शेजाऱ्याकडचे बी वापरतो आणि ते कोणत्याही केंद्राच्या यंत्रातून जात नाही. स्वीडनसारखा गारवाही आपण आणू शकत नाही.

दुसरे उदाहरण याहून विचार करायला लावणारे आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गव्हाची मुळे काळी पाडणारा टेक-ऑल नावाचा बुरशीजन्य रोग आहे. एकाच शेतात सलग गहू घेत गेले की पहिली काही वर्षे तो वाढत जातो, आणि मग औषध न मारताही ओसरतो. पुलमन येथे आर. जेम्स कुक, डेव्हिड वेलर आदी शास्त्रज्ञांनी याचा माग काढला, तेव्हा असे आढळले की त्या जमिनींत एक ठरावीक प्रतिजैविक बनवणारे स्यूडोमोनास गव्हाच्या मुळांवर मोठ्या संख्येने जमलेले असतात. रोगट मुळांवर पोसले जाऊन ते वाढले आणि अखेर त्यांनीच रोगाला वेसण घातली. मध्येच दुसरे पीक घेतले की ही शक्ती कमी होते. फेरपालटाचे गोडवे गात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे चमत्कारिक वाटते, पण त्यातला मुद्दा आपल्या उपयोगाचा आहे: संरक्षण करणारे जिवाणू बाहेरून आणावेच लागतात असे नाही, ते त्याच मातीत असू शकतात. ज्या रानात खडखड्या वर्षानुवर्षे कमी आहे, त्या रानातल्या मुळांवर काय राहते, याचा पद्धतशीर शोध सोलापूर-मंगळवेढा पट्ट्यात व्हायला हवा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. भाकरीचे फोटो भरपूर निघाले, मुळाशी मात्र कुणी वाकून पाहिले नाही, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

या भूमिकेवर दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक आक्षेप कृषी पदवीधरांचा: जिवाणू एका शेतात चालतात, दुसऱ्या शेतात नाहीत, मग शिफारस कशी करावी? आक्षेप खरा आहे. माती, ओल, तापमान, वाण, सगळ्यांचा त्यांच्यावर परिणाम होतो. पण कोळपणीचाही परिणाम सगळ्या रानांत सारखा होत नाही, आणि म्हणून कुणी कोळपणीची शिफारस मागे घेतलेली नाही. जिवाणूंकडे फवारणीसारखे पाहिले तर ते कच्चे ठरतात. मशागतीसारखे पाहिले, म्हणजे दरसाल करायचे आणि थोडे-थोडे नुकसान वाचवणारे काम मानले, तर त्यांचा हिशेब जमतो. शिवाय जे अपयश मोजले जाते त्यातले किती जिवाणूंचे आणि किती मेलेल्या पुडीचे, हे वेगळे केल्याशिवाय हा आक्षेप पुरता उभाच राहत नाही.

दुसरा आक्षेप निसर्गशेतीवाल्या मित्रांचा: नोंदणी, मोजणी, प्रयोगशाळा हे सारे कंपन्यांचे चोचले आहेत, शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचे जीवामृत घरी करा, त्यात सगळे जिवाणू आहेत. जीवामृताला माझा विरोध नाही आणि त्याने खर्च वाचतो हेही दिसते. पण ‘सगळे जिवाणू’ यात खडखड्यावर काम करणारा असेलच, आणि नको तो नसेलच, हे कुणी पाहिले? उपयुक्त म्हणून मिरवलेला प्रत्येक जिवाणू निरुपद्रवी नसतो. बुर्खोल्डेरिया सेपॅशिया हा जिवाणू मुळांवरच्या बुरशींचा उत्तम शत्रू म्हणून एकेकाळी नावाजला गेला होता. नंतर त्याच्याच कुळातले जिवाणू सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसांत प्राणघातक संसर्ग करतात हे स्पष्ट झाले आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला त्याच्या नव्या वापरावर निर्बंध आणावे लागले. नोंदणी रद्द करा, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण नजरेआड करू नये. नोंदणी हवीच, आणि ती नेमक्या जातीची हवी. नुसते ‘स्यूडोमोनास’ लिहून भागत नाही, कारण एकाच नावाच्या दोन जातींत एक प्रतिजैविक बनवणारी आणि दुसरी न बनवणारी असू शकते.

मग करायचे काय? पुडीवर मुदत वर्षात छापण्याऐवजी ‘अमुक तापमानाला अमुक आठवडे’ अशी छापली जावी, आणि ज्या दुकानात माल थंड ठेवण्याची सोय नाही तिथे बीजाणू न करणारे जिवाणू विकायला परवानगीच नसावी. अनुदानावर पुड्या वाटण्याचा सोस आवरावा. फुकट मिळालेली पुडी गोठ्याच्या कोनाड्यात पडून राहते, हे ज्याने गाव पाहिले आहे त्याला सांगायला नको. त्याऐवजी रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते, हे डोळ्यांसमोर ठेवून कृषी विज्ञान केंद्रांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी पेरणीच्या ऐन तोंडावर जिवाणूंचे ताजे संवर्धन तयार करावे, आणि गावाने आपले घरचे बी एका जागी आणून दोन दिवसांत त्यावर प्रक्रिया करून घ्यावी. गावोगाव दळणासाठी गिरणीवर जायची सवय आहेच. ही त्याहून अवघड गोष्ट नाही. काणी या बुरशीजन्य रोगासाठी गंधक, मग कीटकनाशक, मग शेवटी जिवाणू, हा क्रम जाणणारा एक माणूस तिथे उभा असला की घरोघरी होणाऱ्या चुकाही टळतील. नाहीतर ताम्रयुक्त औषध आणि जिवाणू एकाच पंपात कालवणारे सल्लागार आजही भेटतात.

राहिली तपासणी, आणि तिच्यासाठी मोठी इमारत लागत नाही. पुडीतली एक ग्रॅम भुकटी घ्यायची, निर्जंतुक पाण्यात दहा-दहापट पातळ करत लाखपटीपर्यंत न्यायची, त्यातला एक दशांश मिलिलिटर जिवाणू वाढवायच्या किंग्ज-बी या खाद्यमाध्यमाच्या बशीवर पसरायचा आणि २८ अंशांवर दोन दिवस ठेवायचा. पुडी कायद्याप्रमाणे असेल तर बशीवर शंभराच्या आसपास ठिपके उगवतात, आणि अतिनील दिव्याखाली धरले की स्यूडोमोनासचे ठिपके हिरवट-पिवळे चमकतात. बारावीला विज्ञान घेतलेली मुलगी आठवडाभराच्या सरावात हे शिकू शकते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तालुक्यातल्या प्रत्येक दुकानातून एकेक पुडी उचलून असे ठिपके मोजले, आणि दुकानाच्या नावापुढे आकडा लिहिलेला कागद बाजार समितीच्या फाटकावर डकवला, तर तो पेरणीच्या आधी लागेल.